दहा बावीस ते दहा एकेचाळीस

सासऱ्यांनी वरून हाक मारली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी धूत होती. बुधवार होता, तिच्या सुट्टीचा वार.

"सूनबाई, जरा वर ये."

आवाज चढा नव्हता, पण "जरा"वर अडखळला. ती ओले हात तसेच घेऊन जिना चढली.

अण्णा टेबलाशी उभे होते. त्यांची खुर्ची मागे आडवी पडली होती आणि ती उचलायचंही त्यांना सुचलं नव्हतं. टेबलावरच्या स्क्रीनवर नेहमीचा नकाशा होता. एका बाजूला किनारा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि कडेला आकाशातल्या विमानांची यादी. प्रत्येक विमान आपला सहा अक्षरी कोड सतत हवेत सोडत असतं. गच्चीवरची अँटेना तो पकडते, टेबलाखालचा रिसीव्हर तो उलगडतो आणि यादीत एक ओळ उमटते. दुसऱ्यांच्या घरात दिवसभर टीव्ही चालू असतो, तशी या घरात गेली सहा वर्षं ही यादी चालू होती.

"खालून दुसरी ओळ बघ," अण्णा म्हणाले.

तिने वाचली. मग एकेक अक्षर सुटं करून पुन्हा वाचली. तो कोड तिला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्का पाठ होता. दादूच्या विमानाचा. समोर उंची नव्हती, वेग नव्हता, नकाशावर ठिपका नव्हता. नुसता कोड. नऊ-दहा सेकंदांनी ओळ पुसली गेली आणि खालची ओळ वर सरकली.

"तुलाही दिसलं ना?"

"दिसलं."

"मग ठीक आहे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

तिने खुर्ची उचलून सरळ केली आणि त्यांना बसवलं. मग ती स्वतः पलंगाच्या कडेवर टेकली.

दादू तिचा नवरा, अण्णांचा एकुलता एक मुलगा. लहानसं मालवाहू विमान चालवायचा. आठवड्यातून दोनदा किनाऱ्यावरून दूरच्या बेटांवर औषधं, टपाल आणि यंत्रांचे सुटे भाग पोचवायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते विमान समुद्रावर गेलं आणि बेटावर उतरलंच नाही. आत दादू आणि त्याचा सहवैमानिक, असे दोघं. ते गेले असं सगळ्यांनी धरलं, पण सापडलं काहीच नाही. चार महिन्यांनी एका ओसाड बेटाच्या खडकात सीटची एक उशी अडकलेली मिळाली, तेवढीच.

रिसीव्हर दादूनेच बसवला होता. "मी कुठे आहे ते तुम्हाला बसल्या जागी दिसेल. मग फोन करकरून माझं डोकं खाऊ नका," असं तो अण्णांना म्हणाला होता. अण्णांनी चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. अँटेना, केबल, जोडणी हे त्यांच्या हातातलं काम. रिसीव्हरच्या डबीच्या आतलं कॉम्प्युटरचं खातं मात्र दादूचं होतं आणि त्यात ते कधी बोट घालत नसत.

त्या शनिवारी ती दातांच्या लॅबमध्ये होती. एका कवळीच्या मेणावर दात बसवत होती, पुढचे चार झाले होते. फोन थरथरला. अण्णांचा निरोप होता, "पुन्हा आला. १०.२६. सात सेकंद." तिच्या हातातला दात निसटून टेबलाखाली गेला. शेजारची म्हणाली, "जाऊ दे गं, ज्याचा आहे तो कुठे चावायला येतोय." ती हसली. तिला हसावंच लागलं. मग गुडघ्यांवर बसून दात शोधताना तिला समजलं की आपण दात शोधतच नाही आहोत, नुसत्या खाली वाकून बसलो आहोत, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.

पुढच्या बुधवारी दहा वाजल्यापासून ती स्वतःच स्क्रीनसमोर बसली. दहा तेवीसला तो कोड आला. दोन सेकंद गेला, पुन्हा आला.

तिच्या अंगावर काटा आला तो कोडामुळे नव्हे, वेळेमुळे. दहा बावीस ते दहा एकेचाळीस. त्या सकाळची ती एकोणीस मिनिटं तिच्याइतकी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. दादू जणू अजून त्या एकोणीस मिनिटांतच उडत होता आणि कुणीतरी ऐकावं म्हणून आपलं नाव सांगत होता.

"अण्णा, हा रिसीव्हर आता बदलून टाकू या," ती म्हणाली. "नवा आणू."

"आधी दोष सापडू दे."

"तीन वर्षं तेच चाललंय."

"म्हणून तर."

ती उशी मिळाल्यापासून अण्णा या रिसीव्हरच्या हात धुऊन मागे लागले होते. एक जाडजूड वही होती. तिच्यात तारीख, काय बदललं, बदलल्यावर काय झालं, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. अँटेनेच्या बुडाशी पाणी शिरतं का ते पाहिलं, कनेक्टर तीनदा कापून नव्याने बसवला. गच्चीवरून खाली येणारी केबल अख्खी बदलली. वीज पुरवणारा अडॅप्टर बदलला, मेमरी कार्ड बदललं. प्रत्येक वेळी शेवटची ओळ एकच, "दोष आढळला नाही."

आता मात्र दोष होता, समोर दिसत होता, आणि अण्णांना जवळजवळ हुरूप आला. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. ती गच्चीवर जाऊन केबल हलवायची आणि अण्णा खालून ओरडून विचारायचे, "आता?" ती पुढच्या खांबापाशी जाऊन हलवायची. "आता?" काही फरक नव्हता. मग अण्णांनी डबीचं झाकण काढलं, दादूने बसवल्यापासून कधीच न बदललेल्या, आतल्या त्या बोटभर लांबीच्या रेडिओच्या काडीवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"तापलीय. इस्त्रीसारखी."

तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"दुकानात एक गंमत असायची," अण्णा स्क्रू एका झाकणात ठेवत म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणायचं, रेडिओ आपोआप बंद पडला. आपोआप म्हटलं की समजायचं, घरात कुणीतरी हात घातलाय आणि आता तोंड उघडत नाही. उघडल्यावर आत कधी केसांची पिन सापडायची, कधी मुलाची गोटी." ते स्वतःशीच हसले. "या डबीत मात्र काहीच सापडलं नाही बघ."

ती खाली जाऊन नळ सोडून उभी राहिली.

कोडाचं कोडं दोन दिवसांनी सुटलं. अण्णांनी दादूच्या कंपनीतल्या जुन्या मेकॅनिकला फोन केला. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे तिलाही ऐकू जाईल.

"अण्णा, दोन विमानं एकदमच घेतली होती ना आपण," मेकॅनिक म्हणाला. "कागदपत्रं एकाच दिवशी झाली, म्हणून कोडही शेजारशेजारचे मिळाले. दादूच्या विमानाच्या शेवटी चार, दुसऱ्याच्या शेवटी पाच. ते दुसरं अपघातानंतर तीन वर्षं हँगरमध्येच उभं होतं. गेल्या महिन्यात पुन्हा त्याच मार्गावर सोडलंय. बुधवारी आणि शनिवारी."

अण्णांनी फोन ठेवला आणि तिला समजावलं. आपण अर्धवट ऐकलेला शब्द अंदाजाने पुरा करतो, तसं हे यंत्रही करतं. काडी तापून बिघडली आहे, संदेश फाटका येतो, मग यंत्र अंदाज बांधतं आणि कधीकधी पाचाचा चार होतो. त्या विमानाची खरी ओळही यादीत होतीच, पाच-सहा ओळी वर, उंची आणि वेगासकट. चारवर नजर खिळल्यामुळे दोघांनाही ती दिसली नव्हती.

"म्हणजे तो नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

हे समजल्यावर बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. दोन आठवडे तो कुठेतरी होता आणि आता पुन्हा गेला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताना ती विद्युत सामानाच्या दुकानात शिरली. दुकानदार बाईने रिसीव्हरचे तीन प्रकार समोर मांडले आणि त्यांतला मधला तिच्याकडे सरकवला. "हा घ्या. काडी पत्र्याच्या खोक्यात आहे, तापत नाही. जुन्याला काय झालं?"

"वय झालं," ती म्हणाली.

नवा रिसीव्हर तिने अण्णांच्या टेबलावर ठेवला. अण्णांनी खोकं फिरवून मागची माहिती वाचली आणि न उघडता कपाटावर ठेवून दिलं. चार दिवस ते तिथेच होतं. पाचव्या दिवशी त्यांनी तिला वर बोलावलं. कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलेलं होतं.

"तुझा हात चालतो टायपिंगवर. एक पत्र लिहायचंय, अपघाताचा तपास केलेल्या कार्यालयाला."

"कशाबद्दल?"

"बस, सांगतो."

त्यांनी कपाटातून वही काढली आणि तिच्या पहिल्या पानावर चिकटवलेला कागद तिला दाखवला. अपघाताच्या दिवशीची नोंद. दादूच्या विमानाची शेवटची ओळ दहा बावीसची. त्यानंतर आकाशात काहीच नाही, आणि मग दहा एकेचाळीसला एक मोठं प्रवासी विमान.

"तेव्हा सगळ्यांनी काय धरलं? की रिसीव्हर चालू होता, आकाश रिकामं होतं आणि दहा बावीसला दादू खाली गेला. समुद्राच्या त्या पट्ट्यावर विमानतळाचं रडार पोचत नाही, मधे डोंगर येतो. आपलीच अँटेना काय ती पोचते. म्हणून आठ दिवस त्यांनी दहा बावीसच्या जागेभोवती शोधलं. आणि चार महिन्यांनी उशी मिळाली ती कुठल्या कुठे. प्रवाहाचा हिशोब करणारे म्हणाले, विमान आणखी बरंच पुढे गेलं असणार. तेव्हा मी ही नोंद पुन्हा काढली. हे प्रवासी विमान बघ. ते यादीत नकाशाच्या काठावरून शिरायला हवं. हे एकदम मधेच उगवलंय. म्हणजे त्याच्या आधी आपला रिसीव्हर बहिरा होता. एकोणीस मिनिटं."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

"नुसता संशय काय कळवायचा? म्हटलं, दोष सापडला की सांगू. आता सापडला. ही काडी तेव्हापासूनच आजारी असणार. दादू म्हणालाही होता, अण्णा, ती काडी बदला. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू दे." त्यांनी चष्मा पुसला. "लिही."

ती लिहू लागली. अण्णा तिच्या मागे उभे राहून सावकाश सांगत होते, अर्ज लिहिल्यासारखं. सदर रिसीव्हर त्या दिवशी सदोष होता. ही बाब माझ्या लक्षात यायला हवी होती. माझ्या मुलाने मला सदर भाग बदलण्यास सांगितले होते. मी टाळाटाळ केली.

तिची बोटं थांबली.

"काय झालं? चुकलं का काही?"

"अण्णा, रिसीव्हर सदोष नव्हता."

"तुला काय ठाऊक?"

"मी बंद केला होता."

त्यांना ते ऐकू आलं, पण समजलं नाही. त्यांनी हात कानामागे नेला. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. स्क्रीनकडे बघतच तिने सगळं सांगितलं.

त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. अण्णा डोळे तपासायला गेले होते. खालच्या खोलीतलं मोठ्या पिनेचं सॉकेट आठवडाभर जळलेलं होतं, म्हणून ती इस्त्री घेऊन वर आली. टेबलामागच्या सॉकेटमधला एक्स्टेंशन बोर्ड तिने उपसला, लॅबचा कोट इस्त्री केला, मग इस्त्री तापलेलीच आहे म्हणून दोन चादरीही केल्या. बहिणीचा फोन चालू होता. मग बोर्ड पुन्हा लावला. रिसीव्हर आपोआप सुरू झाला. स्क्रीनकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"तपासवाले आले होते, तेव्हा तू इथेच होतीस," अण्णा म्हणाले.

"होते."

"त्या अधिकारी बाईंनी विचारलं, त्या सकाळी लाइट गेली होती का. मी तुला विचारलं. तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. लाइट गेली नव्हती, म्हणून नाही म्हणाले. तेव्हा इस्त्री डोक्यातच नव्हती, अण्णा. त्या जिना उतरून गेल्या आणि मग आठवलं. मी धावत दारापर्यंत गेले. गाडी वळली होती. त्यांनी नंबर दिला होता. मी लावला, एकदा घंटी वाजली आणि मी बंद केला. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या. तुम्ही उशाशी फोन घेऊन बसला होतात. आठव्या दिवशी त्यांनी शोध थांबवला. त्यानंतर सांगून काय होणार होतं?"

अण्णांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, दुकानात विचारायचे तसे. बोर्ड उपसला की बटण बंद केलं? उपसला. परत लावताना ठिणगी उडाली का? आठवत नाही. चादरी कुठल्या? निळ्या. फोन आधी आला की इस्त्री आधी? इस्त्री आधी. प्रश्न संपले तेव्हा त्यांनी वही मिटली, पण कपाटात ठेवली नाही. हातात घेऊनच उभे राहिले.

"तीन वर्षं मी केबली कापतोय," ते म्हणाले. "तू गच्चीवर उभी राहून हलवत होतीस. मी विचारत होतो, आता? आणि तू सांगत होतीस, नाही."

"हो."

"जा खाली."

पुढचे नऊ दिवस अण्णा तिच्याशी बोलले नाहीत. भांडण असतं तर बरं झालं असतं. घरातला सगळा क्रम तसाच राहिला. सकाळी ते तिच्या आधी उठून पाणी तापवून ठेवत, तिचा डबा झाकून ठेवत, फक्त तोंडातून शब्द नाही. तिने लॅबमध्ये जाऊन कवळ्या घासाव्यात, घरी यावं, जेवावं. वरून त्यांच्या चालण्याचा आवाज यायचा. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून पलंग. ती अंथरुणात पडून पावलं मोजायची. एकदा तिला वाटलं, ही अण्णांची पावलं नाहीत, यांचा वेग वेगळा आहे. मग ती उठून बसली आणि पहाटेपर्यंत तशीच बसून राहिली.

सहाव्या दिवशी तिने बहिणीला विचारलं, "मी तुझ्याकडे राहायला येऊ का?" बहीण म्हणाली, "ये की. किती दिवस?" "कळवते," म्हणून तिने फोन ठेवला.

दहाव्या दिवशी बुधवार होता. पावणेदहाला अण्णा जिन्याच्या तोंडाशी आले.

"वर ये."

नवा रिसीव्हर लावलेला होता. जुना टेबलावर उघडा पडला होता, काडी बाहेर काढलेली. अण्णांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. हातात पट्टी, पेन्सिल आणि कागदी नकाशा.

"ते दुसरं विमान दहा पाचला सुटतं," ते म्हणाले. "त्याच जातीचं, त्याच मार्गावर, तेवढ्याच उंचीवरून जाणारं. ते आपल्याला कुठवर ऐकू येतं ते बघायचंय. तू वेळ आणि जागा वाचायची, मी खुणा करतो."

तिने वाचलं. दहा अकरा. दहा सोळा. दहा बावीसला अण्णांची पेन्सिल क्षणभर थबकली आणि पुढे गेली. दहा तीस. दहा छत्तीस. दहा एकेचाळीस. ठिपका पाण्यावरून एकसारखा सरकत होता, कोडाच्या शेवटी पाच, नीट, न फाटलेला. दहा अठ्ठेचाळीसला उंची दिसायची बंद झाली. दहा बावन्नला ओळ पुसली गेली.

अण्णांनी शेवटची खूण केली. प्रवाहाचा हिशोब करणाऱ्यांनी सांगितलेली जागा त्यांनी आधीच लाल पेन्सिलीने गोल करून ठेवली होती. शेवटची खूण त्या गोलाच्या कितीतरी पुढे होती.

"ऐकू आलं असतं," ते म्हणाले.

"हो."

"पार शेवटपर्यंत."

"हो, अण्णा."

त्या क्षणी ते काहीही बोलले असते तरी तिने ऐकून घेतलं असतं. पण ते खाली बसले, पलंगावर, आणि पट्टी त्यांनी गुडघ्यांवर आडवी धरली.

"मी विचार करत होतो, हा निकाल उलटा यावा," ते म्हणाले. "इथवर ऐकूच येत नाही, असं निघावं. म्हणजे तू सुटली असतीस आणि मीही. रात्रंदिवस तेच मागत होतो. तसं निघालं नाही. आता मी तुला काय सांगू? माफ केलं म्हटलं तर ते खोटं होईल. पण तू इथून जायचं नाहीस. बहिणीकडे जायचं चाललंय ना तुझं? फोनवर ऐकलं मी. तू गेलीस तर या घरात मी आणि ही यादी, दोघंच उरू."

ती रडली ती तेव्हा. तीन वर्षांत कुणासमोर अशी रडली नव्हती. अण्णा तिच्या जवळ आले नाहीत, आणि खोलीतून गेलेही नाहीत.

नवं पत्र तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं. बोर्ड, इस्त्री, वेळ, अधिकारी बाईंचा प्रश्न आणि आपलं उत्तर, असं सगळं. खाली तिने सही केली. अण्णांनी नवीन चाचणीच्या खुणांचा नकाशा जोडला आणि त्यावर स्वतःची सही केली.

तीन आठवड्यांनी त्याच अधिकारी बाईंचा फोन आला. आवाज कोरडा होता, पण दुष्ट नव्हता. पत्र फाइलला जोडलंय, म्हणाल्या. शोधाचा पट्टा का चुकला याचा आता खुलासा होतो. कारवाई होईल असं वाटत नाही, पण ते त्यांच्या हातात नाही. मग म्हणाल्या, "जिथे ते पडलं असावं, त्या बाहेरच्या पट्ट्यावर आमचं विमान एकदाच गेलं होतं. चौथ्या दिवशी, येता येता. काही दिसलं नाही. एवढंच मी तुम्हाला सांगू शकते." आणि शेवटी, "नियमाप्रमाणे एक प्रत सहवैमानिकाच्या आईलाही जाईल."

"प्रत जायच्या आधी मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

अण्णा बरोबर आले. तिने येऊ नका म्हटलं, तरी आले.

सहवैमानिकाची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि घरीच शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन होतं, भिंतीला कापलेल्या कापडांचे गठ्ठे लावलेले. तिने दोघांना ओळखलं, बसायला स्टूल दिलं आणि स्वतः मशीनशी बसली. समोर एक शर्ट होता, त्याचे सुटे दोरे ती कापत राहिली. सूनबाईने सगळं सांगितलं. यावेळी मान वळवून, तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं. कात्री मधेच थांबली आणि मग थांबलेलीच राहिली.

"विमानात तराफा होता ना?" आईने विचारलं. "फुगवायचा?"

"होता."

"त्यात पिण्याचं पाणी असतं म्हणे. किती दिवसांचं?"

तिला माहीत नव्हतं. तिने अण्णांकडे पाहिलं.

"दोन माणसांना तीन दिवसांचं," अण्णा म्हणाले.

आईने मान हलवली. ती शर्टाच्या बाहीवरून हात फिरवत राहिली, शिवण सरळ आलीय का बघावं तसा.

"माझा मुलगा पाण्याला भ्यायचा," ती म्हणाली. "विमानाला नाही. पाण्याला." मग म्हणाली, "हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आता कळलंय ते कुठे ठेवू, मला समजत नाही. तुम्ही जा आता. पुन्हा या म्हणत नाही मी. येऊच नका, असंही म्हणत नाही."

दाराशी सूनबाईने हात जोडले. आईने जोडले नाहीत. तिने दार लावलं, पण हळू, आवाज न करता. आणि दोघं खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत मशीनचा आवाज काही सुरू झाला नाही.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर अण्णांचा गुडघा लचकला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि रस्त्यावर येईपर्यंत तो काढला नाही. बस थांब्यावर बाक ओलं होतं, म्हणून दोघं उभीच राहिली. समोरून गाड्या जात होत्या. अण्णा त्यांच्याकडे बघत होते आणि ती अण्णांच्या बुटांकडे.

"उद्या पाळी कुठली?" त्यांनी विचारलं.

"सकाळची."

"मग साडेपाचला उठवतो," अण्णा म्हणाले, आणि बस येते का ते बघायला रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेले.